टोळी हलली तरी डोस चुकू नये: ऊसतोड कुटुंबांतल्या बाळांचे लसीकरण फोनवरून कसे सांभाळावे

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर ट्रक-ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, कडेवर तान्हे बाळ, आणि पुढचे पाच-सहा महिने मुक्काम सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटकातल्या उसाच्या फडात. बाळाची लसीची नोंद मात्र गावच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात राहते. गावची आशाताई बाळाला "बाहेरगावी" म्हणून सोडून देते, आणि कारखान्याकडच्या सिस्टरच्या यादीत ते बाळ कधी आलेलेच नसते.

कुटुंबासोबत जाणारी आणि गावाशी जोडलेली राहणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे मोबाइल. फोन लस टोचत नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागावे. चालू असलेला नंबर, बरोबर मोजलेली तारीख आणि त्या तारखेला तिथे लस घेऊन येणारी सिस्टर, या तिन्हींची गाठ पडली तरच बाळाला डोस मिळतो. खालची पद्धत आशा, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. एक वही आणि एक साधा फोन एवढ्यावरही ती चालते. स्मार्टफोन असेल तर काम सोपे होते, इतकेच.

यादी सप्टेंबरातच

टोळी निघायच्या दिवशी कोणाला बोलायला फुरसत नसते. गणपती उठले की यादी धरा. दोन वर्षांखालचे प्रत्येक बाळ घ्या आणि सोबत प्रत्येक गरोदर बाईही घ्या, कारण काही बाळंतपणे तिकडेच होतात. जन्मल्यावर २४ तासांच्या आत द्यायची कावीळ-ब ची लस आणि १५ दिवसांच्या आत द्यायचा पोलिओचा शून्य डोस सगळ्यात आधी तिथेच हुकतो.

वहीत प्रत्येक बाळासाठी एक पूर्ण पान ठेवा. एका ओळीत मावत नाही. पानावर बाळाचे नाव, आईचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल आरोग्य नोंदीतला क्रमांक), आजवर दिलेले डोस तारखांसह, घरात बोलली जाणारी भाषा (तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, असेल तर तसे लिहा), मुकादमाचे, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याचे, नाव, कारखाना, निघण्याची अंदाजे तारीख आणि टोळीचा प्रकार लिहा. हा शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे. बैलगाडीवाले बहुतेक कारखान्याच्या आसपास एकाच तळावर हंगामभर राहतात. ट्रक-ट्रॅक्टरवर जाणारी टोळी मात्र ऊस संपेल तशी गावोगाव सरकते. पहिल्यांना एकदा शोधले की पुरते, दुसऱ्यांना दर पंधरा दिवसांनी "आता कुठे आहात?" असे विचारावेच लागते.

बारसे व्हायच्या आधी नोंद झालेली असेल तर रजिस्टरात फक्त आईचे नाव असते आणि कार्डावर पुढे बाळाचे नाव चढते. दोन्ही वहीत लिहा. पुढे तिकडच्या केंद्रात बाळ सापडत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

नंबर डोसाइतकाच जपायचा

एका बाळामागे तीन नंबर हवेत: आईच्या हातात असणारा, वडिलांचा किंवा सोबत जाणाऱ्या आजीचा, आणि मुकादमाचा. प्रत्येकापुढे तो कोणाचा आहे आणि फोन त्या माणसाच्या हातात किती वाजता असतो हे लिहा. बहुतेक कोयते पहाटेच फडात जातात, कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, वीज नसते, फोन कुठेतरी टपरीवर नाहीतर ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावलेला असतो. दुपारी बाराला केलेला फोन उचलला जाणार नाही, हे धरूनच चाला.

नंबर ऐकून लिहून घेऊ नका. समोर बसूनच त्या नंबरवर रिंग द्या, फोन वाजलेला स्वतःच्या कानांनी ऐका आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये "आशाताई गाव" अशा नावाने सेव्ह करून द्या. अनोळखी नंबर उचलायला माणसे आता घाबरतात. फसवणुकीचे इतके फोन येतात की त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही. ओळखीचे नाव पडद्यावर दिसले की फोन उचलला जातो. त्याच कारणासाठी फोनवर कधीही आधार क्रमांक किंवा ओटीपी मागू नका. ते काम समोरासमोरच उरकायचे. एकदा फोनवर ओटीपी मागितलात की पुढच्या भामट्यासाठी दार उघडे करून ठेवलेत असे समजा.

रिचार्जचे गणितही लक्षात असू द्या. वैधता संपली की आधी जाणारे फोन बंद होतात आणि काही दिवसांनी येणारेही. म्हणून "अडचण आली तर मिस्ड कॉल द्या" ही योजना ऐकायला छान वाटते, पण रिचार्ज संपलेल्या फोनवरून मिस्ड कॉलसुद्धा जात नाही. जाणारे फोन बंद आणि येणारे चालू अशा मधल्या दिवसांत फक्त तुम्हीच फोन करू शकता. महिन्याला निदान एक फोन तुमच्या बाजूने गेलाच पाहिजे, त्याचे कारण हेच. दीर्घकाळ बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते, तेव्हा समोरचा माणूस कोण आहे हे पक्के केल्याशिवाय बाळाचे नाव किंवा लसीची माहिती सांगू नका.

शासनाची "किलकारी" सेवाही याच नंबरवर अवलंबून आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ आवाजी संदेश त्यातून येतात. आरसीएच नोंदीत नंबर चुकीचा असेल तर ते ७२ संदेश भलताच कोणीतरी ऐकतो. यादी करतानाच सिस्टरला सांगून तोही नंबर दुरुस्त करून घ्या.

तारखा मोजताना

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस असे आपण बोलताना म्हणतो. मोजताना मात्र आठवडे धरा: ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस, १० आठवडे म्हणजे ७० आणि १४ आठवडे म्हणजे ९८ दिवस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोबत न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओ इंजेक्शनचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर.

आता हे हंगामावर ठेवून बघा. २० ऑगस्टला जन्मलेल्या बाळाचा सहा आठवड्यांचा पहिला पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) १ ऑक्टोबरला येतो, तो गावातच देता येईल. दुसरा २९ ऑक्टोबर आणि तिसरा २६ नोव्हेंबर, हे दोन्ही बहुधा तिकडे. १० मार्चला जन्मलेल्या बाळाचे तिन्ही पेंटा जूनपर्यंत गावात झालेले असतात, पण त्याचे नऊ महिने १० डिसेंबरला भरतात. म्हणजे गोवराची लस ऐन हंगामात, उसाच्या फडाशेजारी. या दोन प्रकारच्या बाळांवर सगळा जोर लावा. सोळा महिन्यांचा डोस मात्र, बाळ परत येईपर्यंत चोवीस महिन्यांचे होत नसेल तर, पाडव्यानंतर गावात देता येतो. त्याच्यासाठी तिकडे धावाधाव करण्यापेक्षा ती ताकद नऊ महिन्यांच्या बाळामागे लावा. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात लहान मुले दगावली. दाटीची वस्ती आणि लस राहून गेलेली मुले जिथे एकत्र येतात तिथे गोवर पसरतोच, आणि कोप्यांच्या तळावर हे दोन्ही असते.

दोन नियम पाठ असावेत. डोस वेळेआधी द्यायचा नसतो. टोळी उद्या निघणार म्हणून साडेआठ महिन्यांच्या बाळाला आजच गोवराची लस द्या, असा आग्रह धरू नका. आणि उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबले तिथून पुढे जायचे. पेंटाच्या दोन डोसांत मात्र किमान २८ दिवस हवेत, आणि ते आधीचा डोस प्रत्यक्षात ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून मोजायचे. पहिला डोस १ ऑक्टोबरऐवजी १५ ऑक्टोबरला झाला असेल तर दुसऱ्याची तारीख १२ नोव्हेंबर होते. जुन्याच तारखेची आठवण फोनमध्ये राहिली तर आई बाळाला घेऊन चार किलोमीटर चालत जाते आणि "अजून वेळ आहे" ऐकून परत येते. अशी परत पाठवलेली आई पुढच्या फोनला सहज "हो" म्हणत नाही.

तारीख निघाली की ती सत्राच्या दिवसाशी जुळवा. गावपातळीवरचे सत्र साधारण महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी असते. बाळाची तारीख ११ आणि सत्र ९ ला असेल तर ते बाळ थेट पुढच्या महिन्यात ढकलले जाते. अशा बाळासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा ग्रामीण रुग्णालयाचा लसीकरणाचा वार विचारून घ्या आणि तोच आईला सांगा.

स्मार्टफोनवर तक्ता करणार असाल तर जन्मतारखेच्या रकान्यात ४२ मिळवले की पहिल्या डोसाची तारीख आपोआप निघते. एक चूक मात्र हमखास होते. तक्त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीवर असेल तर ५/८ ही ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते आणि त्या बाळाच्या सगळ्या तारखा तीन महिने आधी सरकतात. सेटिंगमध्ये देश भारत करून घ्या आणि शक्यतो महिना अक्षरांत लिहा.

कार्ड आणि यू-विन

माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या. लॅमिनेशन करू नका, त्यावर पुढचा डोस लिहिता येत नाही. लसीकरणाच्या पानाचा आणि नाव-नंबराच्या पानाचा असे दोन फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, कार्ड सपाट ठेवून. मोठे करून बघितल्यावर तारखा वाचता आल्या पाहिजेत. फोटो आईच्या आणि वडिलांच्या फोनवर पाठवा आणि त्यांनी तो "आवडते" म्हणून खूण करून ठेवला का ते तिथेच बघा. नाहीतर दोन महिन्यांत तो शुभप्रभातच्या चित्रांखाली गाडला जातो.

यू-विन म्हणजे सरकारची लसीकरणाची ऑनलाइन नोंदवही. तिच्यात बाळाची नोंद असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातली सिस्टरही ती उघडू शकते. त्यासाठी तिथे दिलेला मोबाइल नंबर कुटुंबाला माहीत हवा. तो अनेकदा दवाखान्यात सोबत आलेल्या मामाचा किंवा शेजाऱ्याचा निघतो. निघण्यापूर्वी नोंदीतला नंबर कोणता आहे ते बघून कार्डाच्या मागच्या बाजूला पेनाने मोठ्या आकड्यांत लिहून द्या. आणि हे कुटुंबालाही सांगा, तिकडच्या केंद्रालाही: कार्ड नाही किंवा नोंद सापडत नाही म्हणून बाळाला लस नाकारायची नसते. लस आधी, नोंदीची जुळणी मागाहून.

फोन कसा करायचा

प्रत्येक डोसासाठी दोन फोन ठरवून ठेवा. पहिला चार दिवस आधी, म्हणजे कोण घेऊन जाईल हे ठरवायला वेळ मिळतो. दुसरा आदल्या संध्याकाळी. तिसऱ्या फोनची गरज फक्त न आलेल्यांसाठी, सत्रानंतर दोन दिवसांच्या आत. नंबर लागला नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रयत्न करा, मग दुसरा नंबर, मग मुकादम. त्यानंतरच वहीत "संपर्क नाही" लिहा.

बोलणे साधारण असे असावे:

"सीमा, मी गावाकडून आशाताई बोलतेय. आवाज येतोय ना? आरव कसाय? बरं, ऐक. बुधवारी त्याला नऊ महिने पुरे होतात, गोवराची लस द्यायचीय. तुमच्या तळाजवळच्या अंगणवाडीत सकाळी नऊला सिस्टर येणारेत. कार्ड कुठंय? पेटीत? मग आजच काढून पिशवीत ठेव. त्याला कोण नेणार, तू का सासूबाई?... आता मला सांग बघू, कुठं जायचंय आणि कधी?"

शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. "हो ताई, नेते" या उत्तराला फारसा अर्थ नसतो. कोण नेणार हे नाव घेऊन ठरले आणि दिवस-ठिकाण तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले, की काम पक्के होते. सासूबाई नेणार असतील तर फोन त्यांच्याकडे द्यायला सांगा आणि "मावशी, तुम्ही नेताय ना?" असे त्यांच्याशीच बोला. घरात लसीला नाही म्हणणारे माणूस बहुतेक वेळा फोनवर नसलेलेच असते. वाराचे नाव सांगताना सोबत बाजाराचा दिवस जोडा: "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी." फडात तारखेपेक्षा बाजार जास्त लक्षात राहतो.

फोन लागत नसेल तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश टाका, वीस-पंचवीस सेकंदांचा. सुरुवात बाळाच्या नावाने करा. गोरमाटी घरांसाठी तांड्यातल्याच एखाद्या बाईकडून तो बोलवून घ्या.

लेखी एसएमएस हा शेवटचा पर्याय. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरे बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. हा संदेश बसतो: "आरवची ९ महिन्यांची गोवर लस बुधवारी, १० डिसें., अंगणवाडीत. कार्ड आणा." याहून लांब गेला की त्याचे तुकडे होतात. काही जुन्या कीपॅड फोनवर मराठीऐवजी चौकोन दिसतात, तेव्हा प्रत्येक फोनवर आधी एक पाठवून बघा. संस्थेला घाऊक संदेश पाठवायचे असतील तर डीएलटी (घाऊक संदेश पाठवणाऱ्यांची दूरसंचार नियमांखालची) नोंदणी आणि संदेशाच्या साच्याची मंजुरी लागते. ते काम जुलै-ऑगस्टमध्येच सुरू करा, हंगाम सुरू झाल्यावर ते होत नाही.

नुसत्या आठवणीने किती फरक पडतो? पश्चिम केनियातल्या सियाया भागात १५२ गावांत हे तपासले गेले आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काहीही न पाठवलेल्या गावांत वर्षाच्या आत ८२ टक्के बाळांचे लसीकरण पूर्ण झाले, फक्त एसएमएस पाठवलेल्या गावांत ८६ टक्के, आणि एसएमएससोबत दर वेळी २०० शिलिंग दिले तिथे ९० टक्के. एकट्या संदेशाचा फरक लहान आहे. हरियाणात झालेल्या मोठ्या प्रयोगात वेगळी गोष्ट दिसली: "गावात बातमी कोणाकडून पसरते?" असे लोकांनाच विचारून निवडलेल्या माणसांना लसीकरणाची खबर देत राहणे आणि सोबत एसएमएस पाठवणे, यातून खर्चाच्या मानाने सर्वात जास्त लसीकरण झाले. टोळीत असा माणूस शोधा. तो मुकादमच असेल असे नाही. पुष्कळदा ती टोळीतली एखादी जाणती बाई असते, जिच्याकडे बाकीच्या बायका बाळाचे पोट दुखले तरी जातात. तिचा नंबर मिळवा.

मुकादम आणि तिकडचे आरोग्य केंद्र

कामाला दांडी पडली की कोयत्याला खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, घेतलेल्या कुटुंबासाठी हा साधा प्रश्न नाही. आई "जमत नाही" म्हणते तेव्हा अनेकदा अडचण खाड्याचीच असते, लसीच्या भीतीची नसते. म्हणून मुकादमाला तुम्ही फोन करा, आईवर ते ओझे टाकू नका. मागणी नेमकी ठेवा: "भाऊ, बुधवारी सकाळी तीन बायकांना नऊ ते अकरा सोडायचं, खाडा लावायचा नाही." वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हाच फोन केला तर वजन पडते. मात्र कोणाची किती बाळंतपणे, कोणाला काय आजार, हे मुकादमाला सांगायचे नाही. त्याला फक्त नाव, दिवस आणि वेळ पुरते.

तिकडच्या केंद्राचा पत्ता असा काढा. मुकादमाकडून कारखाना, गट ऑफिस आणि सध्याचे गाव विचारा. नेटवर्क असेल तर लोकेशन मागवा, नसेल तर ज्याच्या शेताजवळ कोप्या आहेत त्या शेतकऱ्याचे नाव आणि जवळचा पाट, देऊळ किंवा शाळा. मग त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला फोन करून गाव कोणत्या उपकेंद्रात येते ते विचारा आणि तिथल्या आरोग्यसेविकेचा नंबर घ्या. आशाताईने केलेला फोन कधीकधी टाळला जातो, म्हणून पहिला फोन गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) किंवा वैद्यकीय अधिकारी यांच्याकडून जावा. त्यानंतर सिस्टर ते सिस्टर बोलणे सुरळीत चालते.

त्या सिस्टरला पाठवायची माहिती थोडी ठेवा: बाळाचे आणि आईचे नाव, आरसीएच नंबर, कार्डाचा फोटो, द्यायचा डोस आणि त्याची सर्वात आधीची तारीख, आईचा नंबर. हे सगळे एकट्या तिलाच पाठवा. शंभर जणांच्या गटात आयांची नावे आणि नंबर टाकलेली यादी फिरू लागली की ती परत घेता येत नाही.

सत्राच्या आदल्या संध्याकाळी तळावर एक फोन करून नक्की किती बाळे आहेत ते मोजून घ्या. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत पाच किंवा दहा डोस असतात आणि द्रावण मिसळल्यावर चार तासांत ती वापरावीच लागते. बीसीजीचेही, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचेही, तसेच. आकडा आधी कळला की सिस्टर हिशेबाने कुप्या आणते, आणि आसपासच्या दोन तळांवरची बाळे एका ठिकाणी बोलावता येतात. तरीही एकच बाळ आले, तर त्या एकासाठी कुपी उघडायची. वाया जाणाऱ्या डोसांपायी बाळाला परत पाठवणे महागात पडते.

लस दिल्यावरचा फोन

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन करा. पुढच्या डोसाला आई येते की नाही, हे या फोनवर फार अवलंबून असते. पेंटानंतर अंग गरम होणे, मांडी लाल होणे, किरकिर, हे एक-दोन दिवस चालते. हे आधी सांगितलेले नसेल तर घर म्हणते, "चांगलं बाळ आजारी पाडलं." ताप आला म्हणजे काय करायचे ते सिस्टरने सत्रातच सांगायला हवे, तुम्ही फोनवर ते पक्के करा. टोचल्या जागी तेल, हळद, बाम काही लावू नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे.

तापाच्या औषधाबद्दल फोनवर "अर्धा चमचा द्या" असे कधीही म्हणू नका. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप वेगळे असतात. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये साधारण १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर बाळाला धोका होतो. घरात बाटली असेल तर तिचा फोटो मागवा आणि वजनानुसार मात्रा सिस्टरला विचारूनच सांगा.

झटके येणे, बाळ निपचित पडणे, श्वासाला त्रास, तीन तासांहून जास्त न थांबणारे रडणे, अंगभर गांधी आणि तोंडाला सूज, यांपैकी काहीही ऐकू आले तर बोलणे थांबवून १०८ ला फोन लावायला सांगा आणि तिकडच्या सिस्टरला तुम्ही कळवा. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येऊन पू धरतो, तेव्हाही फोन येतात. ते नेहमीचे आहे. पिळू नये, काही लावू नये. फोटो मागवून सिस्टरला दाखवा म्हणजे आईचाही जीव भांड्यात पडतो.

दर महिन्याच्या शेवटी तीन आकडे काढा: किती बाळांचा डोस त्या महिन्यात येत होता, त्यांपैकी किती घरांशी बोलणे झाले, आणि किती बाळांना लस मिळाली. किती फोन केले हा आकडा कामाचा नाही. बोलणे झाले पण लस मिळाली नाही, अशी बाळे जास्त असतील तर अडचण तिकडच्या सत्रात किंवा खाड्यात आहे. बोलणेच झाले नसेल तर अडचण नंबरात आहे.

टोळी परतल्यावर

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतू लागतात. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी जाऊन कार्ड बघा आणि तिकडे मिळालेले डोस तारखांसह गावच्या रजिस्टरात उतरवा. "तिकडं दिली" एवढे तोंडी ऐकले तर त्या सिस्टरला फोन करून तारीख मिळवा. तुमच्याकडे नंबर आहेच. यू-विनवर एकाच बाळाच्या दोन नोंदी झालेल्या दिसतील, एक आईच्या नावाने आणि दुसरी बाळाच्या नव्या नावाने, वेगळ्या मोबाइल नंबरावर. पुढे दुसरी नोंद होऊ नये यासाठी उपाय एवढाच: नवीन नोंद उघडण्याआधी आरसीएच नंबर आणि जुना मोबाइल नंबर दोन्ही टाकून शोधायचे, आणि हे तिकडच्या सिस्टरला हंगामाच्या सुरुवातीलाच सांगायचे.

तिकडे जन्मलेल्या बाळांची वेगळी यादी करा. त्यांच्या बीसीजीची चौकशी आधी करा, ती बाळ वर्षाचे होईपर्यंत देता येते. हंगामात काढलेले कार्डांचे आणि बाळांचे फोटो नोंदी उतरवून झाल्या की तुमच्या फोनमधून पुसून टाका. नंबरांची वही मात्र ठेवा. सप्टेंबरात त्यातला प्रत्येक नंबर पुन्हा वाजवून बघायचा आहे.